चूक कुणाची?

आमच्या बचत गटात हिशेबाचं सॉफ्टवेअर यायचं होतं. समजावायला आलेल्या मुलानं फळ्यावर चौकोन, वर्तुळं, बाण काढले. सगळ्या गप्प. ‘बायकांना हे जमायचं नाही,’ म्हणून तो मोकळा!

मात्र २०१३ साली डॅनियल मूडी व सहकाऱ्यांनी एक प्रयोग मांडला. सॉफ्टवेअरच्या ‘आय-स्टार’ आराखड्यातली तज्ज्ञांनी ठरवलेली चिन्हं त्यांनी नवख्या विद्यार्थ्यांकडून नव्यानं काढून घेतली. विषयाची काहीच माहिती नसलेल्यांना या नव्या चिन्हांचा अर्थ जास्त अचूक लागला.

म्हणजे आपली डोकी कमी नव्हती, चित्रच परकं होतं. मैत्रिणींनो, यापुढे गप्प बसू नका. ‘वापरणार आम्ही, तर आधी आम्हाला विचारा,’ असं ठणकावून सांगा!