मुद्दाम बिघडवलेले प्रथिन

भांडगावच्या एका भगिनीने विचारले आहे : "मुलगी पुण्यात एम.एस्सी. करते. पेशींमध्ये मुद्दाम बिघडवलेले प्रथिन बनवते म्हणे. नातेवाईक म्हणतात, हा कॅन्सरशी खेळ आहे, शिक्षण थांबवा. काय करावे?"

आधी तिचे काम समजून घेऊ. एका पेशीच्या दोन होताना आतल्या डीएनएची नक्कल होते, मग पेशी विभागते. नक्कल चुकली तर विभागणी रोखणारे पहारेकरी पेशीत असतात. ते म्हणजे काही प्रथिने. ती निकामी झाली की पेशी बेबंद वाढू शकते. कॅन्सरची वाट येथून जाते.

प्रथिनाचा कोणता भाग कोणते काम करतो, हे कसे कळावे? कोणता फ्यूज कोणत्या खोलीचा, हे आपण एकेक काढूनच पाहतो. हेही तसेच.

एक दाखला पाहा. सीडीसी२५सी हे प्रथिन विभागणीला चालना देते. वेळ येईपर्यंत १४-३-३ नावाची प्रथिने त्याला पेशीच्या केंद्रकाबाहेर धरून ठेवतात. ही पकड २१६ व्या जागेवर बसते. सोराब दलाल व सहकाऱ्यांच्या १९९९ च्या अभ्यासात ती जागा बदलताच पकड सुटली आणि प्रथिन केंद्रकात शिरले. दलाल यांनी पुढे खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात, याच विषयावर काम केले.

बदललेले प्रथिन पेशीकडून बनवून घेण्याचे साधन म्हणजे प्लास्मिड. ते जिवाणूंमध्ये आढळणारे डीएनएचे छोटे कडे असते. त्यात बदललेला जनुक जोडतात आणि त्याआधी 'सुरू कर' असा, माणसाच्या पेशीला कळणारा इशारा ठेवतात. जिवाणूंत त्याच्या भरपूर नकला करून, शुद्ध करून पेशींत सोडतात. एक-दोन दिवसांत प्रथिन तयार होते. दुसऱ्या बशीत मूळ प्रथिन, तिसरीत रिकामे प्लास्मिड. तिन्ही ताडून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढत नाहीत.

प्लास्मिड आपल्याला परके नाही. पूर्वी इन्सुलिन डुकराच्या व गायीच्या स्वादुपिंडातून काढत. प्लास्मिड घातलेल्या जिवाणूंनी बनवलेले मानवी इन्सुलिन १९८२ मध्ये बाजारात आले. आज कितीतरी घरांत ते फ्रीजमध्ये असते.

राहिली भीती. कॅन्सर हा सर्दीसारखा एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा आजार नाही. तरीही काळजी हवीच : हातमोजे, एप्रन, संरक्षक कॅबिनेट, प्रयोगशाळेत खाणे-पिणे नाही. जनुक बदलाच्या कामावर १९८९ च्या नियमांनुसार संस्थेची जैवसुरक्षा समिती देखरेख करते. ही सोय तिच्याकडे आहे ना, एवढे मुलीला जरूर विचारा.

शिक्षण मात्र थांबवू नका. सुट्टीत ती आली की नातेवाइकांनाही बोलवा आणि तिलाच सांगू द्या, तीन बशांत काय फरक दिसला.