दुतीच्या अंगाचा पंचनामा



नांदेडच्या मैदानावर पहाटे पाचला भरतीची पोरं पळतात. लातूरलाही तेच. कुणाच्या पायात धड बूट नाही, पण खिशात कुणीतरी दिलेली गोळी आहे. मीही एक गिळली होती. सोळाशे मीटरला छाती फुटायची पाळी आली. देणारा बाकावर बसून चहा पीत होता. म्हणून हे लिहितोय.

परवा याच पोरांत दुती चंदचा विषय निघाला. एकजण म्हन्ला, "ती आधीपासूनच तसली. बंदी काय उगाच आली?" सगळे फिदीफिदी हसले. छातीवर निळा बिल्ला लावणारेही. साली लाज वाटली.

ऐका. दुती ओडिशाच्या चाका गोपालपूरची, विणकराची पोर. 2014 ला ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी तिला बाहेर काढलं. सुई नव्हती, गोळी नव्हती. अंगात जन्मानं जे टेस्टोस्टेरॉन होतं, तोच गुन्हा. ते कमी कर, मग पळ, असा नियम. ती म्हणाली, नाही. लढली. जुलै 2015 ला क्रीडा लवादानं तो नियमच स्थगित केला. 2018 ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत शंभर आणि दोनशे मीटरला तिनं रौप्य मारलं. जन्मावरून बाद करणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायचं?

2022 चं प्रकरण वेगळं. डिसेंबरात दोनदा नमुने घेतले, दोन्हींत सार्म्स निघालं. स्नायू वाढवणारं, बंदी असलेलं औषध. फिजिओच्या सल्ल्यानं घेतलं, असं तिचं म्हणणं. 3 जानेवारी 2023 पासून चार वर्षांची बंदी बसली. अंगात जे सापडेल त्याला पळणारा जबाबदार, हा नियम. मान्य. मी तिची वकिली करत नाही. गरिबी म्हणजे गोळी खायचा परवाना नव्हे.

पण 2022 ची बाटली 2014 च्या लढ्यावर ओतू नका! जन्मानं मिळालं ती चोरी नाही. बाटलीतून आलं त्याचा हिशेब द्यावाच लागेल. घेणाऱ्यानं द्यावा, देणाऱ्यानंही. नियमात त्यालाही शिक्षा आहे. मग चौकात नाव फक्त पळणारीचंच काहून?

उद्या मैदानावर कुणी गोळी पुढं केली तर आधी नाव विचारा. गोळीचं. आणि त्याचंही.