तपकिरी अंडं म्हणजे गावठी अंडं न्हवं

ऊस-भात बाजूला ठेवून आज परसातल्या कोंबड्यांवर लिहितोय. सुट्टीच्या दिवशी कोल्हापुरातनं अंडी न्यायला चांगली शिकलेली माणसं येतात, आणि ती जे बोलतात ते ऐकून गप्प बसवत नाही. त्यांच्या गैरसमजात नुकसान होतं ते दारात आठ-दहा कोंबड्या पाळून मीठ-मिरचीचा खर्च भागवणाऱ्या बायकांचं.

पहिलं खूळ कवचाच्या रंगाचं. गिऱ्हाईक पाटीत हात घालून गडद तपकिरी अंडी तेवढी निवडतं आणि फिकट बाजूला सारतं. वर विचारतं, "मावशी, ही पांढरट कशी? पोल्ट्रीची मिसळलासा काय?" अहो, खरं गावठी अंडं बहुतेक फिकटच असतं. सायीच्या रंगाचं, नाहीतर हलकं बदामी. एकाच खुराड्यातल्या पाच कोंबड्यांच्या अंड्यांच्या पाच छटा असतात. हा रंग कोंबडीच्या जातीवर असतो, आणि अंडं बाहेर पडायच्या आधीच्या काही तासांत कवचावर चढतो. खाण्याचा, चवीचा, ताकदीचा त्याच्याशी काही संबंध नाही. चिली देशातली अरौकाना नावाची कोंबडी निळी अंडी घालते. ती काय आभाळ खाते?

उलट तीसच्या तीस अंडी एका मापाची, एका रंगाची, गडद तपकिरी दिसली तर आधी शंका घ्यावी. बीव्ही ३८० सारख्या तपकिरी अंड्यांच्या लेअर कोंबड्या पोल्ट्रीत पाळतात, त्यांची अंडी अशीच असतात. त्या अंड्यात वाईट काही नाही. पण तेच 'गावरान' म्हणून चढ्या दरानं विकणं ही फसवणूक आहे. बेंगळूरच्या कृषी विद्यापीठानं काढलेली गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन केंद्राची वनराज, या जाती तर परसात पाळण्यासाठीच तयार केल्यात. त्यांची अंडी जरूर विकावीत, पण नाव सांगून विकावीत.

आता जरा हिशोब करा. आमच्या गावठी कोंबडीचं वर्षाचं अंडं पन्नास-साठ. बारा-पंधरा अंडी घालते, की खुडूक होते. मग रवण घालायचं, एकवीस दिवस ती उठत नाही, पुढं दोन महिने पिल्लांमागं. असं वर्षात तीन-चार वेळा. पोल्ट्रीतली पांढरी लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या वर घालते. आता एखादा दुकानदार रोज दहा ट्रे 'गावरान' विकत असेल, तर रोजची तीनशे अंडी झाली, वर्षाची लाखाच्या वर. कोंबडीमागं साठ धरली तरी अठराशेच्या वर गावठी कोंबड्या पाहिजेत. कुठं आहेत त्या? आमच्या अख्ख्या गावात तरी एवढ्या निघणार नाहीत.

म्हणून मी म्हणतो, गावठी अंड्याला दोन पैसे जास्त द्या, पण कशासाठी देताय ते कळून द्या. कोंबडी कमी घालते, पिल्लं घार नेते, मुंगूस नेतंय, मांजर नेतंय, दहातली चार-पाच वाचतात. दर या कारणानं आहे. रंगासाठी पैसे मोजायला लागलात की रंग विकणारा पुढं येतो आणि आठ अंडी घेऊन बसलेली मावशी मागं पडते.

दुसरं खूळ बलकाचं. "बलक केशरी पाहिजे." बरं. आमचीच कोंबडी पावसाळ्यात बांधावरचं हिरवं गवत, किडं खाते तेव्हा बलक शेंदरी होतो. नांगर चालला की मागं पळत हुमणी वेचते, ते बघायला मजा वाटते. हीच कोंबडी उन्हाळ्यात हिरवं नसताना नुसत्या तांदळाच्या कण्यांवर राहिली की बलक फिका पडतो. कोंबडी तीच, दार तेच. बलकाचा रंग चाऱ्यातनं येतो. पोल्ट्रीवाला खाद्यात पिवळा मका वाढवतो नाहीतर झेंडूच्या फुलाचा अर्क घालतो, आणि बलक पाहिजे तेवढा गडद करून देतो. त्यामुळं बलकावरनंही ओळख पटत नाही.

मग गावठी अंडं ताकदीचं असतं की नाही? वजनास वजन धरलं तर प्रथिनं जवळपास सारखीच. पण गावठी अंडं चाळीस ग्रॅमच्या आसपास, पोल्ट्रीचं पन्नास-पंचावन्न. म्हणजे एकास एक धरलं तर पोल्ट्रीच्या अंड्यात जास्तच भरतील. उन्हात हिंडून हिरवं खाणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात काही जीवनसत्त्वं जास्त सापडतात, हे खरं आहे. पण ते हिंडण्याचं आणि खाण्याचं फळ आहे. गावठी कोंबडी कोंडून कण्यावर ठेवली तर तिच्याही अंड्यात ते येणार नाही.

याच्यात पोल्ट्रीवाल्यांवर अन्याय नको. "त्यांच्या कोंबड्यांना अंडी घालायला इंजेक्शन देतात" असं छातीठोक सांगणारे भेटतात. दहा हजार कोंबड्यांच्या शेडमध्ये रोज इंजेक्शन कोण मारत बसणार, आणि परवडणार कसं? जास्त अंडी येतात ती जातीमुळं, खाद्यामुळं आणि शेडमधल्या उजेडाच्या तासांमुळं. सुई टोचतात ती रोगाच्या लसीची. औषधांच्या अतिवापराची तक्रार जरूर करा, ती वेगळी आणि खरी गोष्ट आहे. पण अफवेनं माणूस कसा मरतो ते आपण २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बघितलंय. कोंबडी खाल्ली की कोरोना होतो म्हणून मोबाईलवर फिरलं आणि उभ्या महाराष्ट्रात कोंबडी कवडीमोल झाली. कर्ज काढून शेड बांधलेली पोरं त्यात बुडाली.

आमच्या कोल्हापूरचं खास खूळ म्हणजे कच्चं अंडं. तालमीतल्या पोरांना कुणीतरी सांगतं, गावठी अंडं फोडून तसंच गिळायचं, शिजवलं की ताकद जाते. उलटं आहे. बेल्जियममध्ये १९९८ साली मोजून बघितलं, तर शिजवलेल्या अंड्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रथिनं अंगी लागली, कच्च्यातली जेमतेम निम्मी. शिवाय कच्च्यात साल्मोनेलाच्या जंतूची भीती, आणि परसातल्या अंड्याला कधी शेण लागलेलं असतं, कधी माती. पोरांनो, उकडून खावा.

बारीकसारीक आणखी. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालते, फक्त त्यातनं पिल्लू निघत नाही. बलकावर रक्ताचा ठिपका दिसला म्हणजे आत पिल्लू मेलं असं नाही, अंडं तयार होताना कोंबडीची एखादी बारीक शीर फुटलेली असते. पाण्यात अंडं बुडालं तर ते ताजं, तरंगलं तर शिळं. गावठी की पोल्ट्रीचं, हे पाणी सांगत नाही. आणि आणल्या आणल्या अंडी धुऊन ठेवू नका. कवचावर निसर्गाचा एक पातळ थर असतो, तो गेला की बारीक छिद्रांतनं जंतू आत शिरतात. अमेरिकेत धुऊन विकतात, पण मग सगळीकडं फ्रीजमध्येच ठेवतात. युरोपात दुकानात जाणारं अंडं धुवायला बंदी आहे. आपण पुसून ठेवावं आणि फोडायच्या आधी धुवावं.

कडकनाथचं अंडं काळं असतं म्हणूनही विचारतात. मांस काळं, अंडं साधं बदामीच. झाबुआच्या त्या कोंबडीला २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं, ते तिच्या गुणाचं होतं. पण आपल्या भागात तिच्याभोवती अशी हवा केली, की २०१९ ला इस्लामपूरकडचा घोटाळा उघड झाला तेव्हा सांगली-कोल्हापूरच्या किती घरांत रडारड झाली ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पण सगळ्यात वाईट गैरसमज गिऱ्हाइकाचा नाही, आपला स्वतःचा आहे. "गावठी कोंबडीला रोग होत नाही." होतो बाबांनो. मानमोडी, म्हणजे राणीखेत. हिरवी हगवण, मान वाकडी, तोंड उघडून धाप, आणि चार दिवसांत खुराडं रिकामं. औषध नाही, आधी दिलेली लसच कामाची. पिल्लाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा एक थेंब, पुढं परत एकदा, आणि आठ आठवड्यांनी आरटूबी. साथ दिसली की काहीजण उरलेल्या कोंबड्या घाईनं बाजारात नेऊन विकतात. चार पैसे सुटतात खरे, पण रोग चार गावांत वाटला जातो.

लस महाग नाही. अडचण बाटलीची आहे. एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त डोस, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवायची. सात कोंबड्यांसाठी बाटली कोण फोडणार? म्हणून कुणीच आणत नाही, आणि उन्हाळ्यात सगळ्यांचंच जातं. तर गल्लीनं मिळून आणायची. आमच्या सौ.नी आठ घरांची यादी केलीय, ब्याण्णव कोंबड्या भरल्यात. पशुवैद्यकीय दवाखान्यात बोलून ठेवलंय. बाटली बर्फाच्या थर्मासमधनं आणायची आणि सकाळी खुराडं उघडायच्या आधी टोचून घ्यायचं. आजारी दिसणारी कोंबडी आणू नका. अजून आठ कोंबड्यांची जागा आहे. त्याच्यावर झाल्या तर दुसरी बाटली लागेल, मग तीपण पुरी भरायला पाहिजे. खालच्या आळीतल्या कुणी तेवढं मनावर घ्या.