आधी फ्यूज खिशात, मग पाना हातात



आज पिकाबद्दल लिहीत नाही. हरभऱ्याला दुसरं पाणी चाललंय, ते ठीक आहे. काल मोटारीची पेटी उघडायची वेळ आली आणि बरेच दिवस मनात होतं ते लिहायला बसलो.

माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांची शेवटची पेरं नाहीत. नवीन माणूस विचारतो, "मळणी यंत्रात गेली का?" नाही. विहिरीवरच्या पाच एचपीच्या मोनोब्लॉकनं नेली, आणि हात घातला तेव्हा मोटार बंद होती.

नऊ वर्षं झाली. रात्रीच्या लाईटचा आठवडा होता. मोटार जड फिरतेय असं वाटत होतं, तेवढ्यात लाईट गेली. म्हटलं बरं झालं, पंखा हातानं फिरवून बघू. पंख्यावरची जाळी मीच काढून टाकलेली, कारण ती वाजायची. पेटीत ऑटोस्विच मीच बसवलेला, म्हणजे रात्री उठायला नको. मी पंखा धरला आणि लाईट आली. ऑटोनं त्याचं काम केलं. मेन स्विच माझ्यापासून दहा पावलांवर होता.

मला मोटारीचं काम येत नव्हतं असं नाही. बेअरिंग बदलायचो, ग्लँडची दोरी भरायचो, स्टार्टरचे पॉइंट घासायचो. गावात लोक मला बोलवायचे. पण आज मी म्हणतो, मला काम येतच नव्हतं. ज्याला यंत्र खात्रीनं बंद करता येत नाही त्याला दुरुस्ती येत नाही, मग तो कितीही हुशार असो.

हे मला शिकवलं पुतण्यानं. आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करून आला. घरी पहिल्यांदा पेटी उघडली तेव्हा त्यानं मेन पाडला, तिन्ही फ्यूज काढले आणि खिशात घातले. मी हसलो. तो म्हणाला, "काका, फ्यूज माझ्या खिशात आहेत तोवर मोटार कुणाच्या बापाला चालू करता येत नाही." कारखान्यात मेनला कुलूप लावतात, त्यावर पाटी अडकवतात आणि चावी काम करणाऱ्याच्याच खिशात असते म्हणे. आपल्याकडे कुलूप नसेल, खिसा तर आहे.

त्याच्याकडून शिकलो ते सांगतो.

१) मेनचं हँडल खाली आलं म्हणजे लाईट तुटली असं नाही. जुन्या मेनची एखादी पाती आत अडकून राहते. म्हणून फ्यूज काढायचेच.

२) टेस्टर आधी चालू जागी लावून तो दाखवतो का ते बघायचं, मग बंद जागी. तिन्ही फेज बघायचे, एक बघून उठायचं नाही.

३) कपॅसिटर लाईट गेल्यावरही काही वेळ भरलेला राहतो. लगेच हात घालू नका. थोडं थांबा, टेस्ट लॅम्प लावून रिकामा करा, मग बोट लावा.

४) डीपीवर एक फेज गेला की आपण म्हणतो "ती तार मेलीय." मेलेली नसते. त्याच डीपीवर कुणाची मोटार दोन फेजवर चालू असेल तर तिच्या वाइंडिंगमधून मेलेल्या तारेत उलटा करंट येतो. डीपीचा फ्यूज टाकायला जाणारी आपली माणसं यातच जातात. ते काम आपलं नाहीच.

५) ट्रॅक्टरचा पीटीओ ५४० फेऱ्यांवर फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचं टोक गुंतलं तर "अरे" म्हणायलाही वेळ मिळत नाही. मळणी यंत्रात काड अडकलं तर आधी इंजिन बंद, चावी खिशात, ड्रम थांबू द्या, मग हात.

मला माहितीय, तुम्ही म्हणाल, "वायरमनला चार फोन केले तरी येत नाही, पीक वाळतंय, आम्ही काय करायचं?" खरं आहे. पाण्याची पाळी हुकली की काय होतं ते मलाही कळतं. म्हणूनच आपण शिकलं पाहिजे म्हणतो. पण मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलेला पोरगा पाना फिरवायला शिकतो, बंद करायला नाही. व्हिडिओत ते दाखवत नाहीत, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं.

आणि आपण एक खोड सोडली पाहिजे. फ्यूजच्या जागी जाड तार, ओव्हरलोड रिले बांधून ठेवणं, मोटार दोन फेजवर चालवणं, याला आपण डोकं म्हणतो. माझी मोटार याच डोक्यापायी दोनदा जळाली. रिले मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवर लावला आणि तिथंच राहू दिला, तर तो मोटार वाचवतो.

आता घरातल्या बायांचं. कडबा कुट्टीवर बहुतेक घरी बाई उभी असते, आणि स्विच असतो पलीकडच्या भिंतीला. हात ओढला गेला तर तिनं काय करायचं? स्विच तिच्या डाव्या हाताजवळ आणा, खर्च एका वायरीचा आहे. पदर खोचून, बांगड्या मागे सारून काम करायचं, आणि यंत्र बंद कसं करायचं हे घरात सगळ्यात आधी तिला शिकवायचं.

मळणी यंत्रासाठी देशात १९८३ सालापासून कायदा आहे. अपघात झाला तर राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना आहे. शेतकरी गेला तर २ लाख, एक हात किंवा पाय गेला तर १ लाख. अर्ज जरूर करा, तो हक्क आहे. पण एका लाखात हात येत नाही.

सहाय्यक कृषी अधिकारी साहेबांना आणि कृषी विज्ञान केंद्रातल्या मंडळींना विनंती आहे. शेतीशाळेत तुम्ही सापळे दाखवता, बीजप्रक्रिया करून घेता. तसा एक दिवस स्टार्टरच्या पेटीचा आणि मळणी यंत्राचा ठेवा. आयटीआयचे सर बोलवा. प्रत्येकाकडून मेन पाडून, फ्यूज काढून घ्या. भाषण नको, हातानं करून घ्या.

आमच्या पेटीतला ऑटो मी काढून टाकलाय. रात्री उठावं लागतं. उठतो.

तुमच्या पेटीत ऑटो असेल तर उद्या सकाळी निदान एवढं करा, मोटारीजवळ खडूनं मोठ्या अक्षरात लिहा: "ही मोटार आपोआप चालू होते." आपल्या मागं पोरं तिथं खेळतात.