पोरगं फायनान्स शिकतंय, पण अहवाल कोण वाचणार?



गेल्या काही वर्षांत ऊसपट्ट्यातली पुष्कळ मुले-मुली वाणिज्य शाखेकडे वळली आहेत. कुणी बी.कॉम. करतो, कुणी बी.बी.ए., तर कुणी मुंबईला जाऊन बी.एम.एस. नाहीतर अकाउंटिंग अँड फायनान्सची पदवी घेते. या सगळ्या अभ्यासक्रमांत 'वित्तीय व्यवस्थापन' हा विषय असतो. घरी विचारावे, की अहो, पोरगं नक्की काय शिकतंय, तर उत्तर ठरलेले: "काही नाही, बँकेत चिकटेल कुठंतरी." या उत्तरावर आमचा आक्षेप आहे. नोकरीला आमची ना नाही, नोकरी हवीच. पण हा विषय शिकलेले मूल घरात असताना आपण कारखान्याचा वार्षिक अहवाल न उघडता फळीवर टाकतो, हे आम्हाला पटत नाही.

हा विषय आहे तरी काय? पुस्तके जाडजूड आणि शब्द अवघड असले तरी गाभ्याला तीनच प्रश्न आहेत. पैसा कुठून आणायचा, तो कशात घालायचा, आणि तो परत येईपर्यंत मधल्या काळाचे व्याज कुणी सोसायचे? ऊस लावणाऱ्या माणसाला हे प्रश्न नवे नाहीत. बेणे आज, खत उद्या आणि बिल दीड वर्षाने, हे आपण पिढ्यानपिढ्या भोगतोच आहोत. कॉलेजात त्याचे गणित शिकवतात, एवढाच फरक.

पोरांना 'खेळते भांडवल' नावाचा पाठ असतो. त्याचे आपल्या कारखान्याइतके उत्तम उदाहरण दुसरे सापडायचे नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत एफ.आर.पी. द्यावी लागते, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. साखर मात्र चार-पाच महिन्यांत तयार होते आणि केंद्राच्या मासिक कोट्याप्रमाणे वर्षभर विकावी लागते. म्हणजे देणे आज आणि येणे उद्या. मधली खिंड मालतारण कर्जाने भरायची. समजा क्विंटलचे मूल्यांकन ३,५०० रुपये झाले, बँकेने ८५ टक्के उचल दिली आणि व्याज १० टक्के आहे. पोते सहा महिने गोदामात पडून राहिले तर क्विंटलमागे व्याज झाले सुमारे १४९ रुपये. उतारा ११ टक्के धरला तर टनाला १.१ क्विंटल साखर, म्हणजे टनामागे जवळजवळ १६४ रुपये नुसत्या व्याजात गेले. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण हिशेबाची रीत हीच. आपण दहा-वीस रुपयांच्या दरावरून सभा डोक्यावर घेतो आणि या रकमेबद्दल अवाक्षर काढत नाही, कारण ती अहवालात 'व्याज' या एका ओळीत बसलेली असते.

दुसरा पाठ पैशाच्या कालमूल्याचा. आजचा रुपया आणि दहा वर्षांनंतरचा रुपया सारखा नाही, हे कुणालाही कळते. किती सारखा नाही, ते पोरगं सांगू शकते. टनामागे ५० रुपये ठेव कापली आणि दहा वर्षांनी बिनव्याजी परत केली, तर ८ टक्के दराने आजच्या घडीला तिची किंमत सुमारे २३ रुपये भरते. याचा अर्थ ठेव कापूच नये असा नव्हे. कारखान्याने तोच पैसा बँकेतून घेतला असता तर त्याचे व्याज आपल्याच ऊसदरातून गेले असते. दोन्ही आकडे समोर ठेवून हात वर करावा, एवढेच आमचे मागणे.

तिसरा पाठ मोठ्या गुंतवणुकीचा. डिस्टिलरी घालायची की नाही, किती वर्षांत पैसे फिटतील, आणि धरलेले अंदाज चुकले तर काय? हा शेवटचा प्रश्न परीक्षेत पाच-दहा मार्कांना येतो, प्रत्यक्षात तो कोट्यवधींचा असतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्या वर्षापुरते उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. पुढे काही सवलत मिळाली आणि २०२४-२५ साठी निर्बंध उठले, पण ज्यांनी कर्ज काढून नवे प्रकल्प उभे केले होते त्यांचे हप्ते काही थांबले नव्हते. प्रकल्प मंजुरीला आला त्या सभेत "एक वर्ष उत्पादन बंद पडलं तर हप्ता कशातून भरायचा?" असे विचारणारा एक तरी सभासद असायला हवा.

आता पोरांनाही चार शब्द सांगितले पाहिजेत. तुमच्या पुस्तकात कंपन्यांची उदाहरणे असतात. तिथे भागधारकाचा फायदा म्हणजे नफा वाढणे, शेअरचा भाव चढणे. आपल्याकडे शेअरला बाजारभाव नाही, आणि जो मालक तोच ऊस घालणारा. ऊसदर वाढवून दिला की नफा कागदावर कमी दिसतो, पण पैसा सभासदाच्या घरात आलेला असतो. म्हणून नफा थोडा दिसला की कारखाना बुडाला, आणि भरपूर दिसला की बरकत आली, असा निकाल घाईने देऊ नका. दिलेला जादा दर हा खर्च धरायचा की नफ्याची वाटणी, यावरून साखर कारखाने आणि आयकर खाते यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. अखेर २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जुन्या वर्षांची ती रक्कम खर्च धरण्याची मुभा मिळाली, आणि हा दिलासा सुमारे १०,००० कोटींचा असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. एक रक्कम कोणत्या सदराखाली लिहायची, याला एवढे मोल असते!

सहकाराच्या सुरुवातीच्या मंडळींना हे पक्के ठाऊक होते. विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. १९५०-५१ ला पहिला हंगाम झाला. गावोगाव फिरून भागभांडवल जमवणारा शेतकरी आणि आकड्यांचा अर्थ जाणणारा विद्वान, अशी ती जोडी होती. त्या काळी असा माणूस पुण्याहून आणावा लागला. आज आकडे वाचणारा माणूस आपल्याच वाड्यावस्तीवर जेवतो-झोपतो आहे, आणि आपण त्याला साधा अहवाल दाखवीत नाही.

आमची सूचना अशी. सहकारी संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्याआधी प्रत्येक गट ऑफिसात एक संध्याकाळ ठेवावी. गटातल्या वाणिज्य शाखेच्या मुला-मुलींनी ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि दोष दुरुस्ती अहवाल मराठीत, साध्या भाषेत वाचून दाखवावा. कारखान्याच्या हिशेबनिसाने समोर बसून शंकांची उत्तरे द्यावीत. शिवाय दर हंगामात चार-सहा विद्यार्थ्यांना लेखा विभागात उमेदवारीला घ्यावे. यात नवे काही मागत नाही. सहकार कायद्याच्या ३२ व्या कलमाने सभासदाला ताळेबंद, सभेचे इतिवृत्त आणि आपल्या व्यवहारापुरते दप्तर पाहण्याचा हक्क दिलेलाच आहे. हक्क कायद्यात आहे, वाचता येणारे डोळे घरात आहेत, दोघांची गाठ तेवढी घालायची राहिली आहे.

कुणी म्हणेल, पोरं वाचायला लागली की सभेत भांडणं वाढतील. आमचा अनुभव उलटा आहे. ज्याला आकडा कळत नाही तोच आवाज चढवतो. ज्याला कळतो तो पान नंबर सांगून प्रश्न विचारतो, आणि अशा प्रश्नाने चांगल्या संचालकाचे काही बिघडत नाही, उलट त्याचे हात बळकट होतात.

आणखी एक. या शाखेला मुली बऱ्याच आहेत, अभ्यासातही पुढे आहेत. "ती काय, उद्या सासरी जायची" म्हणून तिच्यापुढे अहवाल न ठेवणे हा शुद्ध तोटा आहे. ती ज्या घरी जाईल तिथेही बहुधा ऊसच असेल!

ज्यांची मुले यंदा बारावीला आहेत त्यांनी ध्यानात ठेवावे, की २०२४ पासून बी.बी.ए., बी.एम.एस. साठी राज्याची प्रवेश परीक्षा सुरू झाली आहे, तेव्हा निकालाची वाट पाहत बसू नये. ज्यांची आधीच शिकत आहेत त्यांनी या वर्षीचा अहवाल हातात पडला, की तो मुलापुढे ठेवावा आणि एकच विचारावे: "यात व्याज किती गेलंय, आणि ते आपल्या टनावर किती पडतं?" उत्तर आले तर शिक्षण कारणी लागले. नाही आले तर पोराला पुस्तकाकडे परत पाठवा, आणि उत्तर घेऊनच सभेला या.