मराठी ख्रिस्ती साहित्यातील दुःख आणि आशा : काही विचार

मराठी ख्रिस्ती साहित्याकडे आपले विद्यापीठीय अध्ययन बहुधा दोनच दृष्टींनी पाहते : धर्मांतराचा सामाजिक इतिहास म्हणून किंवा भाषेचा नमुना म्हणून. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' (१६१६) मराठीच्या गौरवापुरते स्मरले जाते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' विनोद व घरगुती बोलीसाठी वाचली जातात. दुःखाने खचलेल्या माणसाला श्रद्धा नेमके काय देते, हा या साहित्याच्या गाभ्याचा प्रश्न मात्र दुर्लक्षितच राहतो.

येडशीच्या परिसराला हा प्रश्न परका नाही. पूर्वीच्या अरुंद मापाच्या बार्शी लाइट रेल्वेने येडशीशी जोडलेले तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. नामस्मरणात चिखल तुडविताना पोटचे मूल पायांखाली गेले, ही कथा येथे सर्वज्ञात आहे. कथेच्या अखेरीस विठ्ठलकृपेने ते मूल परत मिळते. लक्ष्मीबाईंच्या आत्मकथनात गेलेली अपत्ये परत येत नाहीत. दोन्ही ठिकाणी देवाविषयीचा विश्वास टिकतो. परंतु टिकण्याची रीत भिन्न आहे, आणि ही भिन्नताच अभ्यासाचा विषय व्हावयास हवी.

या संदर्भात 'आशा' या एका शब्दाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. आपल्या अध्यात्मपर परंपरेत आशा हा बहुधा पाश आहे. तिचा त्याग हे साधकाचे लक्षण. ख्रिस्ती मराठीत मात्र विश्वास, आशा आणि प्रीती ही त्रयी सद्गुणांची आहे. एकाच शब्दावर दोन धर्मपरंपरांनी परस्परविरुद्ध भार टाकावा, ही घटना केवळ कोशकारांची नव्हे, साहित्यसमीक्षेचीही आहे. ही आशा इच्छापूर्तीची हमी देत नाही. पुनरुत्थित ख्रिस्ताच्या देहावर जखमांच्या खुणा राहतात. म्हणजे दुःख घडलेच नाही, असे ती म्हणत नाही.

पंडिता रमाबाईंचे चरित्र याची साक्ष देते. दुष्काळात आईवडील गेले, १८८२ मध्ये पती गेले, १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा गेली. तरीही मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम त्यांनी १९२२ मधील मृत्यूपर्यंत सोडले नाही. ना. वा. टिळक १९१९ मध्ये निवर्तल्यावर त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. दोघींनीही शोकाला काम दिले. येथे आशा ही भावना राहत नाही; ती दिनक्रम होते.

हे साहित्य प्रचारकी आहे, असा आक्षेप घेतला जातो. पुष्कळ लेखनाबाबत तो खराही आहे. संकटग्रस्तांना आधार देताना धर्म देणे कितपत न्याय्य, हा प्रश्न मुक्तिसदनाच्या संदर्भातही टाळता येत नाही. परंतु 'स्मृतिचित्रे'सारखी कृती उपदेश करीत नाही. ती लेखिकेची भीती, हट्ट आणि अज्ञान झाकत नाही. म्हणूनच तिच्यातील श्रद्धा विश्वसनीय ठरते. विश्वसनीयतेचा हा निकष प्रचारकी लेखन वेगळे काढण्यास पुरेसा आहे.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद 'सुबोध बायबल'कार फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. त्यांच्या निवडीला विरोध झाला होता; प्रकृतीही साथ देत नव्हती. जुलै २०२४ मध्ये ते निवर्तले. त्यांचे धर्मगुरुपद चर्चिले गेले, तेवढे त्यांचे लेखन चर्चिले गेले नाही.

१९९३ च्या भूकंपाचा आघात सोसलेल्या आणि अवर्षण नित्याचे असलेल्या या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना दुःख पुस्तकातून शिकावे लागत नाही. ते सोसण्याच्या भाषा मात्र शिकता येतात. गोरोबाकाकांची कथा आणि 'स्मृतिचित्रे' एकाच तासिकेत शेजारी ठेवून वाचली गेली, तर कोणाची श्रद्धा श्रेष्ठ हा निष्फळ वाद मागे पडेल आणि मराठीने दुःखाला किती परींनी उत्तर दिले, हे दिसू लागेल. प्राध्यापकवर्गाने एवढा प्रयोग अवश्य करावा.