वेरूळला नवा आलेला आणि त्याला दिलेला अर्धा सल्ला

वेरूळला कामाला लागलेल्या नव्या मुलाला पहिल्या दिवशी एकच सल्ला मिळतो : "सगळ्यांशी सांभाळून राहा." कसे सांभाळायचे ते कोणी सांगत नाही. माझ्या मते हा सल्ला अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग जुन्या लोकांनी पाळायचा असतो, आणि तो कोणी त्यांना ऐकवत नाही.

आपण वेरूळकडे लेणी म्हणून पाहतो. पण ती कामाची जागाही आहे. गाइड, पहारेकरी, सफाई कामगार, फोटोग्राफर, रिक्षावाले, हॉटेलातली मुले, पुस्तके आणि दगडी मूर्ती विकणारे, सगळे एकाच आवारात वावरतात. १ ते १२ बौद्ध लेणी, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. काम करणारी माणसेही अशीच एकमेकांना लागून. जवळच घृष्णेश्वराचे मंदिर, आणि घाट चढला की चार-पाच किलोमीटरवर खुलताबादचे दर्गे. मी खुलताबादची. पर्यटकांबरोबर काम करते, त्यामुळे नवी मुले येतात कशी आणि गप्प होतात कशी, हे जवळून पाहते.

गैरसमज बहुतेक वेळा धर्मापाशी सुरू होत नाहीत, बोलण्यापाशी होतात. पुण्याहून आलेल्या मुलाला आमच्याकडचा रिक्षावाला "मामू" म्हणतो, तर त्याला तो टोमणा वाटतो. इथे ती आपुलकी आहे. आमच्या दखनीतले "नक्को" त्याला तुटक वाटते. तो शब्द मूळ त्याच्याच मराठीचा, हे सांगितले की हसतो. शहराच्या नावाचेही तसेच. २०२३ पासून सरकारी नाव छत्रपती संभाजीनगर आहे, पण म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी सवयीने औरंगाबाद येते. कोणी कोणते नाव घेतले यावरून त्याचा पक्ष ठरवू नये. आणि मराठवाड्यात "आडनाव काय?" हा साधा प्रश्न नाही. त्यामागे जात विचारलेली असते, हे समोरच्याला लगेच कळते. विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९९४ पर्यंत ज्यांच्या घरांनी सोसले, त्यांच्या मुलांना तर नक्कीच. नावाने हाक मारा, पुढे भाऊ किंवा ताई जोडा, काम भागते.

दुसरी गोष्ट शरीराची. दहाव्या लेण्यात बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे आपल्याला किरकोळ वाटते, श्रीलंकेच्या यात्रेकरूला तो अपमान वाटतो. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांनी अंगातला सदरा काढून जायचे असते. जैन यात्रेकरूंच्या गटाला सूर्यास्ताआधी जेवायचे असेल, तर गाडी लांबच्या ढाब्यावर थांबवून चालत नाही. यातले काहीच अवघड नाही. अवघड असते ते विचारणे. "तुमच्यात असे असते ना?" हा प्रश्न मला आवडत नाही. "तुम्हाला कसे चालेल?" हा चांगला. पहिल्यात माणूस जमातीचा नमुना होतो, दुसऱ्यात तो स्वतःपुरते बोलू शकतो.

आपल्या मुलांनाही दोन शब्द. सोबतच्याने "जय भीम" म्हटले तर मोकळेपणाने "जय भीम" म्हणा, त्याने ईमान जात नाही. प्रसाद किंवा टिळा नको असेल तर हात छातीवर ठेवून, हसून नाही म्हणा. तोंड फिरवून निघून जाऊ नका. आणि चहाला रोज आपल्याच चार जणांत बसून "वो लोग" म्हणत राहणे बंद करा.

आता खरा प्रश्न. शेख किंवा पठाण आडनावाचा नवा गाइड सोळाव्या लेण्यापुढे उभा असतो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवे शतक, वरून खाली कोरत आणलेला एकसंध खडक, असे सांगत असतो. गटातला एक जण विचारतो, "आणि हे तोडले कोणी? तुमच्याच लोकांनी ना?" २०२५ च्या मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात दंगल झाली, खुलताबादेत त्या कबरीभोवती पत्रे लागले. त्यानंतर हा प्रश्न जास्त ऐकू येतो.

अशा वेळी त्या मुलाने काय करावे? औरंगजेबाचा वकील होऊ नये, आरोपीही होऊ नये. त्याने मंदिरे पाडण्याचे हुकूम दिले हा इतिहास आहे. त्याच्या एका पत्रात याच लेण्यांचे कौतुक आहे, हाही इतिहास आहे. दोन्ही सांगावे आणि पुढच्या शिल्पाकडे जावे. त्यासाठी अभ्यास पक्का हवा, म्हणून नव्या मुलांना सणांच्या माहितीपेक्षा लेण्यांवरची पुस्तके आधी द्यावीत असे मला वाटते.

पण त्या क्षणी शेजारी उभा असलेला जुना सहकारी काय करतो, यावर सगळे ठरते. "साहेब, तो गाइड आहे, त्याला लेण्यांबद्दल विचारा," एवढे एक वाक्य त्याने बोलावे. तो मोबाइलमध्ये डोके घालून उभा राहिला, तर नव्या मुलाने कितीही सांभाळून राहिले तरी उपयोग नाही. असे दोन-तीन प्रसंग झाले की मुलगा वाळूजच्या कारखान्यात नोकरी शोधतो. तिथे निदान यंत्र त्याला बाप कोण म्हणून विचारत नाही.

हे जमते, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम ही इंग्रज चित्रकर्ती अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला काढायला आली. तिच्यासोबत बंगालचे नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार होते, आणि हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन. भाषा वेगळ्या, धर्म वेगळे, समोर बुद्धाच्या कथा. पुढे सय्यद अहमद निजामाच्या पुरातत्त्व खात्यात अजिंठ्याचे क्युरेटर झाले. त्या भिंतींवरची बोधिसत्त्वांची चित्रे सांभाळणे हेच त्यांचे काम होते.

मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. त्या दिवशी जुन्या-नव्यांनी तासभर एकत्र बसावे. जुम्याच्या नमाजाच्या वेळी कोणाचा गट कोण घेणार, आंबेडकर जयंतीला आणि पर्युषणात सुट्टी कोणाला लागणार, रमजानमध्ये दुपारचा गट कोणाकडे, हे कागदावर लिहून भिंतीला लावावे. आणि त्याच कागदावर सर्वांत वर लिहावे : पर्यटकाने सहकाऱ्याला जात-धर्मावरून छेडले, तर उत्तर शेजारच्याने द्यायचे.